नाक दाबल्याशिवाय

गटाराच्या वासाला मालक नसतो. शेजारच्या आंब्याची फांदी कुंपणावरून झुकली तर कैऱ्यांवर दोन्ही घरं हक्क सांगतात, पण वासाच्या बाबतीत दोन्ही घरं एकदम उदार होतात. "तुमच्याकडूनच येतोय, आमचं काही म्हणणं नाही," असं म्हणून प्रत्येकजण तो दुसऱ्याच्या नावावर करून मोकळा होतो. सात-बाऱ्यावर नोंद नाही, मेंटेनन्सच्या बिलात रकाना नाही, आणि तरीही इमारतीतली सगळ्यांत जुनी वहिवाट त्याचीच.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असा एक वास कायम वस्तीला होता. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या शहरांतले वाचक सुटकेचा निःश्वास सोडतील, आणि निःश्वास सोडायला आधी श्वास घ्यावा लागतो. तसंही नाव कोणतंही घातलं तरी चालेल. मुंबईत लोकल माहीमच्या खाडीपाशी आली की डब्यातली गप्पांची मैफल आपोआप थांबते, रुमाल निघतात, आणि खाडी ओलांडली की अर्धवट वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. पुण्यात मे महिन्यात मुठेवरच्या पुलावर सिग्नल लागला की हेल्मेटची काच खाली येते. इतर बाबतींत या दोन शहरांचं पटत नाही, ते असो.

फाटकातून पहिल्यांदा आत येणारा पाहुणा काय करतो, याचा माझा अभ्यास दांडगा आहे. तो थबकतो. एक पाय मागे दुमडून चपलेचा तळ बघतो. मग दुसरा. आपल्याच पायाला काहीतरी लागलं असणार, असं आधी धरून चालण्याइतका मराठी पाहुणा सभ्य असतो. दोन्ही तळवे निर्दोष सुटले की तो हळूच बायकोकडे बघतो. बायको त्याच्याकडे आधीपासूनच बघत असते. कडेवर तान्हं मूल असेल तर त्याला उचलून मागून हुंगण्यात येतं. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो, पण संशयितांच्या यादीत ते कायम वर. मग दार उघडतं, "या या" होतं, आणि यजमान स्वतःहून सांगतो, "आज जरा जास्तच आहे हो, एरवी नसतो."

हे "एरवी नसतो" मी इतक्या घरांत ऐकलं आहे की सगळ्या महाराष्ट्रातल्या गटारांना पाहुण्यांची आगाऊ खबर मिळते असं माझं मत झालं आहे. यजमान खोटं बोलत नसतो, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. नाक फार लवकर सरावतं. तोच वास सतत येत राहिला की मेंदू थोड्याच वेळात त्याची दखल घेणं सोडून देतो. म्हणून राहणाऱ्याला येत नाही आणि येणाऱ्याला सोसवत नाही. गावाहून चार दिवसांनी परतल्यावर फाटकाशी आपणही थबकतो, तेव्हा कळतं की आपण कशात राहतो. दुसऱ्या दिवशी विसरतो.

या वासाचं वेळापत्रक सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं ते घरं दाखवणाऱ्या एजंटाला. तिसऱ्या मजल्यावरचा विकायचा फ्लॅट तो नेहमी अकरा ते एक याच वेळात दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "सकाळी ऑफिसला जाताना येतो," तर हा म्हणायचा, "सकाळी नको, चावी नसते." चावी त्याच्या खिशातच असायची. गोष्ट अशी की पहाटे वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, आणि रात्रभर चेंबरमधून निघालेलं सगळं खालीच साचून राहतं. ऊन चढलं, हवा हलली, की पांगतं. पहिल्या पावसात उलट होतं: पाणी पाइपात शिरतं आणि आतली कोंडलेली हवा बाहेर ढकलतं. म्हणून मृद्गंधाचं कौतुक करणारे बहुतेक लोक पहिल्या मजल्याच्या वर राहणारे असतात.

तळमजल्यावरच्या काकू मात्र या विषयातल्या अधिकारी. त्यांचं स्वयंपाकघर चेंबरच्या रोखानं. रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की त्या एकदाच हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. "आज अंड्याचा आहे." कधी, "आज कोबीचा." पावसाळ्याच्या तोंडाला, "मिश्र." आम्ही हसायचो. पण दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्राचे, हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई शंभर टक्के बरोबर आहेत." सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. साचलेल्या मैलापाण्यात हवा उरली नाही की तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. सडक्या कोबीचा वास म्हणजे मिथाइल मर्कॅप्टन. आपल्या गॅस सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घालतात तो पदार्थही याच मर्कॅप्टनच्या कुळातला. म्हणजे काकूंनी पूर्वी एकदा गॅसवाल्याला रात्री बोलावून आणलं होतं, तेही अगदीच वेड्यासारखं नव्हतं.

प्राध्यापकांनी पुढे जे सांगितलं त्यानं काकूंची झोप उडाली. मैल्याच्या वासात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं, आणि तेच इंडोल, अगदी थोड्या प्रमाणात, मोगऱ्यात आणि जाईतही असतं. थोडं असलं की गजरा, फार झालं की गटार. काकूंनी त्या दिवसापासून प्राध्यापकांच्या बायकोशी बोलणं कमी केलं. प्राध्यापकांशी त्या मुळातच बोलत नव्हत्या.

उपाय झाले नाहीत असं नाही. वासावर मराठी माणूस पहिला उपाय करतो तो उदबत्तीचा. त्यातून गटाराचा वास जात नाही; चंदनाचं गटार तयार होतं. काकूंच्या सुनेनं लव्हेंडरचा फवारा आणला, त्यातून परदेशी गटार झालं. मग कापूर. मग डांबरगोळ्या, ज्यांच्यामुळे फाटकाशी आजीच्या ट्रंकेत कुणीतरी पडल्याचा भास व्हायचा. वॉचमननं फिनेलचा आख्खा डबा ओतला. फिनेलची मोठी गंमत अशी की त्याचा वास आला की काहीतरी घाण होतं हे सगळ्यांना नव्यानं आठवतं. कुणीतरी फाटकालगत रातराणी लावली. तिला खत कुठून मिळत होतं ते उघड होतं, कारण ती दोन माणसं उंच झाली आणि उन्हाळ्याच्या रात्री दोन्ही वास हातात हात घालून वर चढू लागले. एका सभासदानं स्वखर्चानं वास्तूचे जाणकार आणले. त्यांनी होकायंत्र धरून सांगितलं की चेंबर ईशान्येला आलंय, उपाय म्हणजे फाटक हलवा. त्यांच्यासमोर मी मुद्दाम खोल श्वास घेतला. त्यांनी घेतला नाही.

एकानंही चेंबर उघडून बघितलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण आश्चर्यानंही नाही. चेंबर उघडणं म्हणजे ते आपलं आहे हे मान्य करणं.

त्यातून हद्दीचा प्रश्न निघाला. कुंपणाच्या आतली ड्रेनेज लाइन सोसायटीची, बाहेरची नगरपालिकेची किंवा महापालिकेची, हा नियम सगळीकडे साधारण असाच असतो आणि कागदावर बरोबरही आहे. पण शेवटचं चेंबर नेमकं कुंपणाच्या भिंतीखाली येतं, आणि वासाला भिंत कुणी समजावून सांगितलेली नसते. आम्ही अर्ज केला. पाहणीला साहेब आले ते दुपारी बारा वाजता, एजंटाच्या मुहूर्तावर. छान वारा सुटला होता. त्यांनी दोनदा हुंगलं, रातराणीकडे कौतुकानं पाहिलं, आणि लिहून गेले की प्रत्यक्ष स्थळपाहणीत दुर्गंधी आढळून आली नाही. काकूंनी त्यांना चहा दिला होता, तोही त्यांनी स्वयंपाकघराकडे पाठ करून घेतला. पाहणीत हे लिहिलं नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय दरवर्षी यायचा. कुठे यायचा, तर "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या सदरात, म्हणजे वेफर्सच्या पिशव्या फुटल्यानंतर आणि अर्धे लोक उठल्यानंतर. काकू उभ्या राहायच्या. चेअरमन शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "मला तर कधीच येत नाही बुवा." ते खरंच होतं. चेअरमन सगळ्यांत वरच्या मजल्यावर, इमारतीच्या मागच्या बाजूला राहतात. "तुमचं नाक फार तीक्ष्ण आहे," असंही ते एकदा काकूंना म्हणाले. काकूंना वाटलं आपली स्तुती झाली. घरी गेल्यावर लक्षात आलं, पण तोवर इतिवृत्त कायम झालं होतं.

इथे मला लंडनची आठवण होते. गटाराच्या वासाचा इतिहास लिहायचा तर १८५८ सालच्या उन्हाळ्याशिवाय तो पुरा होत नाही. सगळ्या शहराचा मैला थेम्स नदीत जात होता आणि नदीचंच पाणी लोक पीत होते. हे काही एका उन्हाळ्यात घडलं नव्हतं. तीन वर्षं आधी, १८५५मध्ये, मायकेल फॅरडे, विजेचे प्रयोग करणारे तेच, बोटीतून चालले होते. त्यांनी पांढऱ्या कागदाचे तुकडे ओले करून पाण्यात सोडले आणि ते किती खोलवर दिसतात ते पाहिलं. तुकडे इंचभरही बुडाले नाहीत तोच दिसेनासे झाले. त्यांनी 'टाइम्स'ला रीतसर पत्र लिहिलं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं पत्र, पण गेलं शेवटी आयत्या वेळच्या विषयांतच.

मग १८५८चा जून आला. उष्मा असा पडला की नदी आटली आणि काठावरचा चिखल उघडा पडून शिजायला लागला. आता पार्लमेंटची नवीकोरी इमारत अगदी नदीला लागून. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, भिजवून टांगले. उपयोग झाला नाही. सभासद रुमाल नाकाला लावून समित्यांच्या खोल्यांतून पळत सुटले. आणि वर्षानुवर्षं पैसा कुणाचा, अधिकार कुणाचा म्हणून रखडलेलं विधेयक अवघ्या १८ दिवसांत कायदा झालं. जोसेफ बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरनं मग विटांची १३० किलोमीटरहून जास्त लांबीची मुख्य गटारं बांधली. ती अजून वापरात आहेत. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मराठी पार्लमेंटात कुणाला येत नसेल. अंमलबजावणी मात्र तंतोतंत झाली.

यात आणखी एक गंमत आहे. त्या काळी शहाण्यासुरत्यांना वाटत होतं की दुर्गंधीनंच रोग होतो. वास हाच पटकीचा बाप. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४मध्येच एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. तेव्हा लंडननं गटारं बांधली ती वास घालवायला, आणि त्यातून पाणी सुधारल्यामुळे पटकी गेली. निदान चुकीचं, औषध बरोबर. हाच हिशेब मुंबईत उलटा पडला. १८९६मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा सरकारनं संशयानं पाहिलं ते गटारांकडे. ती धुतली, त्यांत कार्बोलिक ओतलं. प्लेग होता उंदरांवर. तो पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत शोधून काढलं १८९८मध्ये. तोवर शहराला दवाखान्याचा वास येत होता आणि उंदीर घरोघर फिरत होते. नाक चांगला पहारेकरी आहे, पण त्याच्याकडे तपास देऊ नये.

तर आमच्या इमारतीचा १८५८ असा उगवला. टेरेसवर पत्र्याची शेड घालायचं ठरलं. ठराव एकमतानं, कारण कबुतरं सर्वपक्षीय होती. शेड बांधणाऱ्याला गच्चीच्या कडेला माणसापेक्षा उंच गेलेला, डोक्यावर जाळीची टोपी घातलेला एक पाइप दिसला. तो पत्र्याच्या मध्ये येत होता. त्यानं तो कापला, टोपी खिशात घातली, आणि काम वेळेत पुरं केलं.

हा पाइप बिनकामाचा वाटतो तो त्याच्यातून काही वाहत नाही म्हणून. त्याचं कामच ते आहे. ड्रेनेज लाइनमधली हवा छपराच्या वर, कुणाच्या नाकात न जाता, सुटावी म्हणून तो असतो. शिवाय एखाद्या मजल्यावर फ्लश सोडला की पाइपात दाब कमी-जास्त होतो. व्हेंट पाइप नसेल तर तो धक्का दुसऱ्याच्या नहाणीतलं पाणी ओढून नेतो किंवा बुडबुडे काढत वर फेकतो. तेव्हा तो कापणं म्हणजे इमारतीचं नाक कापणं. कापलेलं तोंड आता शेडच्या खाली आलं, बरोबर चेअरमनच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीवर.

त्या रात्री पावणेतीन वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चेअरमनचा संदेश आला. "कुणाला कसला वास येतोय का?" सगळे झोपलेले. एकट्या काकू जाग्या होत्या. इतक्या वर्षांच्या अर्जांचं, सभांचं आणि अपमानांचं उत्तर म्हणून त्यांनी फक्त एक अंगठा पाठवला.

रविवारी तातडीची विशेष सभा. गणपूर्ती पहिल्याच घंटेला झाली, सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा. चेअरमन म्हणाले, "हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, याकडे इतके दिवस कुणी गांभीर्यानं पाहिलं कसं नाही?" काकूंनी सामोसा खाली ठेवला, पण बोलल्या नाहीत. ठराव झाला: चेंबर उघडायचं.

आता चेंबर कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. सुशोभीकरणाच्या एका लाटेत आम्ही सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक घातले होते. त्याआधी लोखंडी झाकणं होती. ती दिसायला वाईट म्हणून त्यांच्यावरूनच ब्लॉक गेले. नकाशा बिल्डरकडे, आणि बिल्डर कुठे हे बिल्डरच्या बँकेलाही ठाऊक नव्हतं. प्लंबर पहार घेऊन आला आणि जमिनीवर ठोकत फिरू लागला. जिथे पोकळ आवाज येईल तिथे चेंबर. त्याच्या मागून प्राध्यापक कान देऊन, त्यांच्या मागून चेअरमन नाकाला रुमाल लावून, मागे मुलं. एका ठिकाणी खणखणीत पोकळ वाजलं. उकरलं तर पाण्याच्या मीटरची खोबण निघाली. दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, ब्लॉकवाल्यानं खाली वाळूच घातली नव्हती. त्याचा निषेध वेगळ्या ठरावानं झाला.

शेवटी जुन्या वॉचमनला गावी फोन लावला. तो पेरणीत होता. त्यानं विचारलं, "पारिजातकाचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्यापासून फाटकाकडे चार पावलं." पारिजातक सुशोभीकरणात गेला होता. "मग काकूंच्या खिडकीतून जिथे सगळ्यात जास्त वास येतो तिथे खणा," तो म्हणाला. काकूंनी खिडकीतून बोट दाखवलं. तिथेच होतं.

ब्लॉक निघाले, गंजलेलं झाकण निघालं, आणि ज्या गर्दीनं कधी वार्षिक सभेला हजेरी लावली नाही ती दोन पावलं मागे सरून गोल उभी राहिली. दुसऱ्याच्या गटारात डोकावण्याची हौस माणसाला असतेच, त्यातून हे सामाईक. वर दोन बोटं जाडीचा पांढुरका थर होता. प्राध्यापकांना वाटलं साबण. प्लंबर म्हणाला, "तेल-तूप साहेब. दिवाळीचं." चकल्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं की पाइपात जाऊन थिजतं, त्याला चहाचा चोथा चिकटतो, आणि वर्षभरात असा घट्ट बर्फीसारखा थर बसतो. खाली फरशा बसवताना धुतलेलं सिमेंट. नारळाच्या शेंड्या. बाळाचे ओले वाइप्स, ज्यांच्या पाकिटावर ते विरघळतात असं छापलेलं असतं. केस. पूजेतली सुपारी. प्रत्येक वस्तू सळईवर चढून वर आली की गर्दी तिच्याकडे बघायची आणि मग कुणाकडेही बघायची नाही.

मग वर आला एक स्टीलचा चमचा. प्लंबरनं तो पाण्याखाली धरला. दांडीवर बारीक अक्षरांत नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, त्यामुळे गर्दी एकदम पुढे सरकली. पुरावा मिळाला होता. नाव चेअरमनच्या बायकोचं निघालं. क्षणभर फार सुंदर शांतता पसरली. मग कुणीतरी आठवण करून दिली की वहिनींनी मागे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच चमचे वाण म्हणून सगळ्या इमारतीला लुटले होते. म्हणजे चमचा कुठल्याही घरातला असू शकत होता. तपास तिथेच खुंटला. चमचा नको असं सगळ्यांनीच सांगितलं.

पण चोकअप पुढच्या, भिंतीखालच्या चेंबरमध्ये होता, आणि ते खोल होतं. प्लंबर म्हणाला, "एक पोरगं आहे आपलं. उतरेल. पाचशे द्या." कुणीतरी पाकीट काढलंही. त्या वेळी प्राध्यापक असे ओरडले की आम्ही त्यांना तसं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. अंड्याच्या वासाचा तो वायू, ज्याच्यावर आम्ही वर्षभर विनोद केले, तो हवेच्या अब्ज भागांत काही थोडे भाग असला तरी नाकाला कळतो. पण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच मरते. खाली उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, हवा बरी झाली. त्याहून वाढला तर माणूस जागच्या जागी कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात आतल्या पानावर येणारी ती बातमी अशी घडते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात मृत्यू आला तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं. पाकीट परत खिशात गेलं. पोरगं फाटकाशी मोबाइल बघत उभं होतं. अठरा-एकोणीसचं असेल. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेटिंगची गाडी आली. जाड नळी आत सोडली, पाण्याचा जोर लावला, आणि अर्ध्या तासात भिंतीपलीकडे घळघळ आवाज आला. काकू म्हणाल्या, वाहत्या गटाराचा आवाज इतका गोड असेल असं वाटलं नव्हतं.

चोकअप निघाला तरी वास अर्धाच गेला. तेव्हा प्लंबरनं बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "बूच नाही." शेवटच्या चेंबरमध्ये एक ट्रॅप असतो. वाकड्या पाइपात पाणी साचून राहतं आणि बाहेरच्या मोठ्या लाइनची हवा आत येऊ देत नाही. त्या ट्रॅपला साफसफाईसाठी वर एक तोंड असतं, त्याला झाकण. ते कुणीतरी पूर्वी कधी काढलं आणि परत लावलंच नव्हतं. म्हणजे सगळ्या वॉर्डाच्या गटाराचा श्वास इतकी वर्षं आमच्या आवारात मोकळेपणानं येत-जात होता. आम्ही एकमेकांच्या घरांवर संशय घेत होतो आणि वास आमचा नव्हताच. निम्मा गाव त्यात होता. बुचाची किंमत त्या रविवारच्या सामोशांपेक्षा कमी निघाली. व्हेंट पाइप शेडच्या वर काढून टोपी बसवायला त्याच्या दसपट खर्च आला, कारण पत्रा कापावा लागला. चेअरमननं तो ठराव स्वतः मांडला.

उरलासुरला वास येत होता तो तळमजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या खिडकीतून. मालक मुलाकडे अमेरिकेत. फ्लॅटमधल्या नहाणीतलं पाणी आटलं होतं. वापरात नसलेल्या घराचं हे कायमचं दुखणं आहे. गटाराच्या हवेला घराबाहेर ठेवण्यासाठी वाकड्या पाइपात थोडं पाणी अडवून ठेवायचं, ही युक्ती १७७५मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीनं पेटंट केली. आजही नहाणीच्या जाळीखाली साधारण ५० मिलिमीटर पाणी असतं, तेवढंच. दोन इंच. आपण आणि अख्ख्या शहराचा मैला यांच्यामध्ये संगमरवर नाही, इटालियन टाइल्स नाहीत, दोन इंच पाणी आहे, आणि उन्हाळ्यात ते काही आठवड्यांत उडून जातं.

बंद फ्लॅटची चावी आता काकूंकडे असते. दर शनिवारी मारुतीला जाऊन आल्या की त्या तिथल्या दोन्ही नहाण्यांत एकेक तांब्या पाणी ओततात. रोज दुधाची पिशवी घेताना हुंगणं अजून चालू आहे, पण सांगण्यासारखं फारसं काही नसतं, आणि त्याची त्यांना थोडी रुखरुख आहे असा माझा संशय आहे.

तुमच्याकडे वास येत असेल तर आधी पाहुण्यांच्या न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतून बघा, आणि गच्चीवर जाऊन तो टोपीवाला पाइप शाबूत आहे का ते पाहा. चेंबरवर फरशी घालू नका, आणि कितीही कमी पैशांत कुणी उतरायला तयार असलं तरी माणसाला आत सोडू नका, गाडी मागवा. एवढं करूनही कमिटी हलत नसेल, तर चेअरमनची खिडकी कोणत्या दिशेला उघडते तेवढं एकदा नीट बघून ठेवा.